इगॉर सिकॉर्स्की : घर आणि गगन

परदेशातून येऊन बंदरावर उतरणाऱ्या माणसाची नोंद करण्याची एक ठराविक रीत बहुतेक सर्व सरकारांनी घालून ठेवली आहे. नाव, वय, जन्मस्थान, धंदा, सोबतची माणसे आणि जवळची रक्कम एवढे रकाने भरले की कारकुनाचे काम संपते आणि माणूस शहराच्या गर्दीत दिसेनासा होतो. माझा सारा दिवस अशाच रकान्यांच्या सहवासात जात असल्यामुळे त्यांचा उपयोग मी जाणतो आणि त्यांची मर्यादाही मला ठाऊक आहे. मार्च १९१९ च्या अखेरीस न्यूयॉर्क बंदरात उतरलेल्या एका रशियन गृहस्थांविषयी हे रकाने भरायचे झाले, तर ते असे भरावे लागतील : वय एकोणतीस, जन्मस्थान कीव्ह, धंदा विमानांचा अभियंता, सोबत कोणी नाही, जवळची रक्कम काहीशे डॉलर. यातला एकही तपशील खोटा नाही. तरीही या नोंदीवरून इगॉर इव्हानोविच सिकॉर्स्की यांनी आपल्याबरोबर काय आणले होते, याची कल्पना कोणालाही आली नसती.

यंत्रविद्येच्या इतिहासात सिकॉर्स्कींचे नाव हेलिकॉप्टरशी कायमचे जोडले गेले आहे. त्या यंत्राची हकीकत सांगताना पाती, अश्वशक्ती आणि विक्रम यांचीच गणती बहुधा केली जाते. परंतु या पुरुषाच्या चरित्राची पाने उलटीत गेले असता एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. आईच्या गोष्टी, बहिणीची शिल्लक, भाच्याचे धाडस आणि देशोधडीला लागलेल्या सोबत्यांचे कष्ट यांपासून ही यंत्रे वेगळी काढताच येत नाहीत. स्वदेश गमावलेल्या माणसाने परक्या भूमीवर आधी एक घर उभे केले आणि त्या घराच्या आधाराने आकाशाकडे झेप घेतली. त्या घराची आणि त्या झेपेची ही कथा आहे.

कीव्ह हे आज युक्रेनच्या राजधानीचे शहर. त्या काळी ते रशियन साम्राज्यात होते. तेथे २५ मे १८८९ रोजी इगॉरचा जन्म झाला. पाच भावंडांत तो सर्वांत धाकटा. वडील इव्हान सिकॉर्स्की हे तेथील विद्यापीठात मानसरोगांचे प्राध्यापक होते. आई वैद्यकाचे शिक्षण घेतलेली होती. परंतु तिने व्यवसाय न करता मुलांच्या शिक्षणाला वाहून घेतले. शेंडेफळ असलेल्या इगॉरला तिने प्रथम घरीच शिकविले. लिओनार्दो दा व्हिंची या इटालियन कलावंताने काही शतकांपूर्वी सरळ वर चढणाऱ्या उड्डाणयंत्राचे रेखाटन करून ठेवले होते, हे त्या मुलाला आईच्या तोंडूनच कळले. जूल व्हर्नच्या कादंबऱ्यांनी त्यात भर घातली. बाराव्या वर्षी इगॉरने रबराच्या पिळावर चालणारे एक छोटेसे उड्डाणयंत्र बनविले, आणि ते खरोखरीच हवेत चढले. ते हेलिकॉप्टरचेच खेळणे होते.

त्याच सुमारास, वयाच्या अकराव्या वर्षी, त्याला एक स्वप्न पडले. आक्रोडाच्या लाकडाची दारे असलेल्या एका अरुंद वाटेने तो चालला आहे, वर मंद निळसर दिवे आहेत, पायांखाली गालिचा आहे, आणि त्या जमिनीला सूक्ष्म कंप सुटलेला आहे. ते जहाज होते, पण पाण्यावर तरंगणारे नव्हते. स्वप्न तेथेच संपले. माणूस उडू शकत नाही असे थोरांनी सांगितले आणि मुलाने ते ऐकून घेतले. हे स्वप्न पुढे पुन्हा एकदा आपल्या कथेत येणार आहे.

घराचा वारसा सारा उजळ असतो असे मात्र नव्हे. १९१३ साली कीव्हमध्ये बेइलिस नावाच्या एका ज्यू कामगारावर धार्मिक विधीसाठी मुलाचा खून केल्याचा अघोरी आरोप ठेवून खटला भरण्यात आला. त्या खटल्यात सरकारपक्षाच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून साक्ष देणाऱ्यांत प्राध्यापक इव्हान सिकॉर्स्की होते. पंचांनी बेइलिसला निर्दोष ठरविले आणि विद्वानाच्या नावाला लागलेला डाग तसाच राहिला. पुत्राच्या गौरवात पित्याची ही गोष्ट झाकून ठेवणे इतिहासाला शोभणार नाही. ज्या घराने मुलाला विज्ञानाची गोडी लावली, त्याच घरात विज्ञानाच्या वेषातला पूर्वग्रहही नांदत होता.

सेंट पीटर्सबर्गच्या नाविक विद्यालयात तीन वर्षे काढल्यावर इगॉरचे मन तेथे रमेना. १९०६ साली ते सोडून तो पॅरिसला गेला आणि मग कीव्हच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाला. १९०८ च्या उन्हाळ्यात वडिलांबरोबर जर्मनीत हिंडत असताना अमेरिकेच्या राइट बंधूंच्या उड्डाणाची वार्ता त्याच्या कानी आली. त्या दिवसापासून त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. पण दिशा ठरली तरी पैसा कोठून आणायचा? येथे थोरली बहीण ओल्गा पुढे झाली. वीस वर्षांच्या आतल्या, पदवीही न मिळविलेल्या भावाच्या हाती तिने पैसे ठेवले. ते घेऊन तो १९०९ च्या आरंभी पॅरिसला गेला आणि पंचवीस अश्वशक्तीचे एक इंजिन घेऊन परतला. हेलिकॉप्टरच्या नादाला लागू नकोस, असे तेथील जाणत्या वैमानिकांनी त्याला बजावले होते. कीव्हच्या घराच्या आवारात त्याने त्याच वर्षी पहिले हेलिकॉप्टर उभारले. ते हलले, थरथरले, परंतु जमीन सोडीना. दुसऱ्या वर्षीच्या यंत्राने स्वतःचे वजन कसेबसे उचलले. माणसाला उचलण्याइतकी शक्ती त्यात नव्हती. इंजिने जड होती, धातू दुबळे होते आणि विद्या अपुरी होती. बहिणीचा पैसा खर्ची पडला आणि ते स्वप्न गुंडाळून ठेवावे लागले. ते पुन्हा उलगडायला तीस वर्षे जावी लागली.

तोवर सिकॉर्स्कींनी साध्या पंखांच्या विमानाकडे मोर्चा वळविला. जून १९१० मध्ये त्यांचे दुसरे विमान काही सेकंद हवेत राहिले. पाचव्या विमानातून जात असता एके दिवशी इंजिन अकस्मात बंद पडले आणि ते कोसळता कोसळता वाचले. शोध घेता असे आढळले की पेट्रोलबरोबर आलेला एक डास कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात अडकला होता. एका डासाने माणसाचा जीव जावा हे या अभियंत्याच्या मनाला पटेना. एकच इंजिन असेल तर त्याच्या प्रत्येक लहरीवर प्राण टांगलेले राहणार. अनेक इंजिने असली आणि उडता उडता त्यांच्यापर्यंत पोचता आले, तर एक बंद पडूनही विमान चालू राहील. या विचारातून मे १९१३ मध्ये चार इंजिनांचे पहिले विमान आकाशात गेले. त्यामागून आलेल्या विमानाला रशियन लोकगाथांतील महाबली वीराचे नाव देण्यात आले : इल्या मूरोमेत्स. फेब्रुवारी १९१४ मध्ये त्यातून सोळा माणसे आणि एक कुत्रा यांनी एकाच वेळी उड्डाण केले. त्याच उन्हाळ्यात सिकॉर्स्की ते विमान सेंट पीटर्सबर्गहून सुमारे बाराशे किलोमीटरवरील आपल्या कीव्हला घेऊन गेले आणि परत आले. वाटेत एका इंजिनाजवळ आग भडकली, तेव्हा सोबत्यांनी पंखावर उतरून अंगातल्या कोटांनी ती विझविली. डासाने शिकविलेला धडा असा उपयोगी पडला.

काही आठवड्यांतच पहिले महायुद्ध पेटले. प्रवाशांसाठी बसण्याची दालने आणि खिडक्या असलेल्या त्या विमानाचे बाँबफेकी विमान झाले आणि अशी सत्तरांहून अधिक विमाने तयार करण्यात आली. सिकॉर्स्कींना मान मिळाला, पैसा मिळाला. मग १९१७ ची राज्यक्रांती आली. झारच्या कृपेतल्या माणसाच्या जिवाला धोका आहे असा इशारा मिळाल्यावर १९१८ च्या प्रारंभी त्यांनी मुर्मान्स्क बंदरातून मायदेश सोडला. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी राहिली. ते लग्न या ताटातुटीतून सावरले नाही. पित्याची आणि पुत्राची भेटही पुन्हा झाली नाही. प्राध्यापक इव्हान सिकॉर्स्की फेब्रुवारी १९१९ मध्ये कीव्ह येथे वारले. फ्रान्सने नव्या विमानाची मागणी केली होती, ती नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध संपताच रद्द झाली. युरोपात करण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा त्यांनी अमेरिकेचे जहाज धरले.

अमेरिकेत विमानांची कमतरता नव्हती. उलट युद्धातून उरलेल्या विमानांचा सुकाळ होता आणि अभियंत्यांना कोणी विचारीत नव्हते. चार इंजिनांच्या विमानाचा जनक न्यूयॉर्कच्या पूर्व भागातील रशियन निर्वासितांच्या वर्गांतून गणित शिकवू लागला आणि खगोलशास्त्रावर व्याख्याने देऊ लागला. खाणे बेताचे आणि खोली लहान. ज्यांना घरदार सोडून दूर देशी नव्याने सुरुवात करावी लागली आहे, त्यांना या दिवसांचे वर्णन विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या आपल्या श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरी आजोबांच्या पहिल्या खोलीची अशी एखादी आठवण सांगितली जात असेल.

परंतु हीच शाळा त्यांचे दुसरे घर ठरली. तेथे शिकविणाऱ्या एलिझाबेथ सेम्यॉन या निर्वासित तरुणीशी त्यांनी १९२४ साली विवाह केला. त्याच्या आदल्या वर्षी बहिणी रशियातून निघून येऊन पोचल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर आली होती सिकॉर्स्कींची मुलगी तानिया. पाच वर्षांपूर्वी पाळण्यात सोडलेले मूल आता धावत होते, बोलत होते. भाचा दिमित्री व्हायनर हाही याच गोतावळ्यात सामील झाला. पुढे एलिझाबेथच्या पोटी चार मुलगे झाले. तुटलेल्या संसाराचे तुकडे जुळवून त्यांतून एक नवे कुटुंब उभे राहिले.

याच काळात, मार्च १९२३ मध्ये, सिकॉर्स्कींनी आपली कंपनी स्थापन केली. तिची जागा म्हणजे लाँग आयलंडवरील एका निर्वासित मित्राचे कोंबड्यांचे खुराडे असलेले शेत. भागधारक म्हणजे निर्वासितच. कोणी दहा डॉलर दिले, कोणी पन्नास. कामगारांत माजी नौसैनिक अधिकारी होते, अभियंते होते, आणि पुष्कळांना आठवड्यामागून आठवडे पगार मिळत नव्हता. भंगारातून वेचून आणलेल्या लोखंडाचा आणि सुट्या भागांचा उपयोग करून एक मोठे विमान आकार घेऊ लागले. संगीतकार सेर्गेई रखमानिनोव्ह हेही मायदेशाला मुकलेले. त्यांनी पाच हजार डॉलरचे भाग घेतले आणि कंपनीची पत वाढावी म्हणून उपाध्यक्ष म्हणून आपले नाव लावू दिले.

मे १९२४ मध्ये विमान तयार झाले. पहिल्या उड्डाणाच्या दिवशी ते हलके ठेवावयास हवे होते. परंतु विनावेतन राबलेले आठ सोबती आनंदाने आत शिरून बसले, आणि खाली उतरा असे त्यांना सांगण्याचे सिकॉर्स्कींच्या जिवावर आले. जुनी इंजिने तो भार पेलू शकली नाहीत. विमान गोल्फच्या मैदानावर आपटले आणि मोडले. सुदैवाने कोणी दगावले नाही. येथे घरच्या माणसांवरच्या मायेने अभियंत्याच्या बुद्धीवर मात केली होती. त्यानंतर भागधारकांची सभा भरली. सिकॉर्स्कींनी दाराला कुलूप घातले आणि अडीच हजार डॉलर जमल्याखेरीज कोणालाही बाहेर जाता येणार नाही असे शांतपणे जाहीर केले. पैसे जमले, चांगली इंजिने आली आणि सप्टेंबरमध्ये ते विमान डौलाने उडाले. पुढे त्याने दोन पियानो वॉशिंग्टनला नेऊन पोचविले.

याहून कठोर परीक्षा १९२६ साली झाली. न्यूयॉर्क ते पॅरिस हा महासागर न थांबता ओलांडणाऱ्यास पंचवीस हजार डॉलरचे पारितोषिक होते. फ्रेंच युद्धवीर रने फाँक यांच्यासाठी सिकॉर्स्कींनी तीन इंजिनांचे विमान बांधले. पुरेशा चाचण्या होण्यापूर्वीच घाई झाली. २१ सप्टेंबर रोजी इंधनाने जड झालेले ते विमान धावपट्टीच्या टोकाशी कोसळून पेटले. चौघांपैकी दोघे जळून मेले. त्यांतला एक सिकॉर्स्कींच्याच मंडळीतला रशियन यांत्रिक होता. दुसऱ्या वर्षी चार्ल्स लिंडबर्ग यांनी एका इंजिनाच्या विमानातून तो पराक्रम केला. सिकॉर्स्कींच्या कंपनीवर कर्ज होते आणि मनावर दोन मृत्यूंचा भार. तरीही मंडळी पांगली नाहीत. १९२८ साली पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरू शकणारे त्यांचे नवे विमान आले आणि त्याची शंभरांहून अधिक प्रतिरूपे विकली गेली. त्याच वर्षी सिकॉर्स्की अमेरिकेचे नागरिक झाले. १९२९ साली कारखाना कनेक्टिकट राज्यातील स्ट्रॅटफर्ड येथे गेला आणि युनायटेड एअरक्राफ्ट या मोठ्या कंपनीत सामील झाला. त्याच्यामागोमाग रशियन कुटुंबांची एक वसाहतच तेथे जाऊन राहिली. त्यांनी आपले छोटेसे देऊळ बांधले.

मग १९३१ साली चार इंजिनांची, चाळीस उतारूंना नेणारी ‘अमेरिकन क्लिपर’ ही उडती नौका तयार झाली. तिच्या एका उड्डाणात संध्याकाळच्या वेळी सिकॉर्स्की उतारूंच्या दालनाकडे वळले आणि सेवकाने दिवे लावले. मंद प्रकाश, आक्रोडी लाकूड, पायांखाली गालिचा आणि सूक्ष्म कंप. तीस वर्षांपूर्वी कीव्हच्या घरी पडलेले ते स्वप्न त्यांना त्या क्षणी आठवले, असे त्यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. योगायोग म्हणा की बालपणीच्या चित्रावर नकळत केलेले काम म्हणा. आईच्या गोष्टींनी जागविलेल्या कल्पनेचा मुक्काम येथपर्यंत आला होता एवढे खरे.

त्याच १९३८ साली संकट पुन्हा दाराशी आले. उडत्या नौकांना मागणी उरली नव्हती. आपला विभाग बंद करण्यात येत आहे, असे कंपनीच्या चालकांनी सिकॉर्स्कींना बोलावून सांगितले. पुढे काय करू इच्छिता, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी तयार होते. आपली अभियंत्यांची तुकडी फोडू नये आणि तिच्यासह हेलिकॉप्टरवर काम करू द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. या तुकडीत मायकेल ग्लुहारेफ यांच्यासारखे कोंबड्यांच्या शेतापासूनचे सोबती होते. चालकांनी ती मान्य केली. एकोणपन्नास वर्षांचा हा गृहस्थ विसाव्या वर्षी हरलेल्या डावाकडे परत वळला.

हा डाव अवघड का होता, हे थोडक्यात सांगावयास हवे. पाण्यावर तरंगणाऱ्या नावेत बसून कोणी जड जाते गरगरा फिरवू लागला, तर नाव उलट दिशेने फिरू लागेल. हेलिकॉप्टरच्या डोक्यावरचे मोठे पाते एका दिशेने फिरते, तेव्हा खालच्या धडाचीही तीच गत होते. यावर कोणी उलटसुलट फिरणारी दोन पाती बसविली. जर्मनीत हाइनरिख फोके यांचे असे यंत्र १९३६ सालीच उत्तम उडाले होते, तेव्हा हेलिकॉप्टर प्रथम उडविण्याचा मान सिकॉर्स्कींचा आहे असे म्हणता येणार नाही. त्यांनी वेगळी वाट धरली : डोक्यावर एकच मोठे पाते आणि शेपटीच्या टोकाला उभे बसविलेले एक लहान पाते. लहान पाते शेपटीला आडवे ढकलते आणि धडाला फिरू देत नाही. पुढे जाणे, मागे सरणे आणि वळणे यांसाठी मोठ्या पात्याच्या फाळांचा कल फेऱ्याच्या प्रत्येक भागात बदलावा लागतो. आज जगातील बहुसंख्य हेलिकॉप्टरे याच रचनेची आहेत.

१४ सप्टेंबर १९३९ रोजी, युरोपात दुसरे महायुद्ध सुरू होऊन दोन आठवडे होत असता, स्ट्रॅटफर्ड येथे ते यंत्र काही सेकंद जमिनीपासून वर उचलले गेले. नळ्यांचा उघडा सांगाडा, पंचाहत्तर अश्वशक्तीचे इंजिन आणि यंत्राला बांधलेल्या दोऱ्या. चालकाच्या जागी, डोक्यावर नेहमीची फेल्ट हॅट घालून, स्वतः सिकॉर्स्की बसले होते. नवे यंत्र पहिल्याने आपणच उडवायचे, दुसऱ्याच्या मुलाचा जीव त्यात घालायचा नाही, हा त्यांचा रशियातल्या दिवसांपासूनचा शिरस्ता होता. पुढची दोन वर्षे मोडतोड, दुरुस्ती आणि फेरबदल यांत गेली. एका टप्प्यावर तर यंत्र वर, मागे आणि बाजूला उत्तम जाई. फक्त पुढे जाण्यास कुरकुर करी. ६ मे १९४१ रोजी ते एक तास बत्तीस मिनिटे हवेत राहिले आणि जर्मन यंत्राचा विक्रम मोडला. १९४२ साली त्याच्यापासून सैन्यासाठी हेलिकॉप्टर तयार झाले.

या यंत्राची पहिली मोठी कसोटी आपल्या भूमीजवळ लागली. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात, जपानी फौजेच्या पिछाडीस, एक लहान विमान पडले. त्यात एक अमेरिकन वैमानिक आणि तीन जायबंदी ब्रिटिश सैनिक होते. आसामातील लालाघाटच्या तळावर असलेल्या तुकडीतले सिकॉर्स्की हेलिकॉप्टर लेफ्टनंट कार्टर हारमन यांनी तेथवर नेले. उष्ण हवेत यंत्राची शक्ती इतकी घटली की एका खेपेस एकच माणूस उचलता येई. दोन दिवसांत चार खेपा करून चौघांनाही बाहेर काढण्यात आले. युद्धक्षेत्रातून हेलिकॉप्टरने माणसे सोडविल्याचे इतिहासातले हे पहिले उदाहरण मानले जाते. त्याच वर्षी जानेवारीत न्यूयॉर्कजवळ एका युद्धनौकेवर स्फोट झाला, तेव्हा हिमवादळातून जखमींसाठी रक्तद्रव्य पोचविण्याचे काम याच जातीच्या हेलिकॉप्टरने केले होते.

२९ नोव्हेंबर १९४५ चा प्रसंग तर घराच्या अंगणातला म्हणावा असा आहे. कनेक्टिकटच्या किनाऱ्याजवळ वादळात एक तेलाचा बार्ज खडकांवर अडकला. त्यावर दोन माणसे होती आणि नावा तेथवर पोचत नव्हत्या. जवळच्या कारखान्यातून सिकॉर्स्कींचे हेलिकॉप्टर निघाले आणि दोर सोडून यारीच्या साह्याने त्या दोघांना वर घेण्यात आले. यारीने माणसे वाचविण्याचा हा पहिलाच प्रसंग. चालक होता दिमित्री व्हायनर, रशियातून बहिणींबरोबर आलेला तो भाचा. थोरला मुलगा सेर्गेई हाही युद्धकाळात तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टर तुकडीत दाखल झाला होता. आईने सांगितलेल्या गोष्टीतले यंत्र आता नातवंडांच्या पिढीच्या हाती आले होते.

भारताशी या यंत्रांचा संबंध पुढे वाढतच गेला. आपल्या वायुसेनेत १९५४ साली जे पहिले हेलिकॉप्टर आले ते सिकॉर्स्कींचेच, एस-५५ या नावाचे. नौसेनेत १९७१ पासून आलेली ‘सी किंग’ हेलिकॉप्टरे ब्रिटनमध्ये बांधलेली असली तरी त्यांचा मूळ आराखडा सिकॉर्स्की कारखान्याचा होता. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात बाँबे हायजवळ एका बार्जचे नांगर तुटले आणि तो बुडाला. सत्तरांहून अधिक माणसे त्या दुर्घटनेत गेली. खवळलेल्या समुद्रातून जी वाचली, त्यांच्यासाठी नौसेनेच्या जहाजांबरोबर मुंबईच्या तळावरून सी किंगही धावली होती. कनेक्टिकटचा बार्ज आणि मुंबईचा बार्ज यांच्यामध्ये शहात्तर वर्षांचे अंतर होते. दोर सोडून माणूस वर घेण्याची रीत तीच होती.

हेलिकॉप्टरने केवळ प्राण वाचविले असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल. व्हिएतनामच्या युद्धात त्याच यंत्रावर तोफा चढल्या, आणि इल्या मूरोमेत्सच्या वेळी आलेला अनुभव सिकॉर्स्कींच्या वाट्याला उतारवयात पुन्हा आला. यंत्र कोणाच्या हाती पडेल हे त्याच्या कर्त्याला ठरविता येत नाही. ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते. येशूच्या प्रार्थनेवर त्यांनी १९४२ साली एक पुस्तक लिहिले होते. आपल्या यंत्राने किती माणसे मृत्यूच्या दाढेतून परत आणली, याच हिशेबात त्यांना सर्वांत अधिक समाधान वाटे. संकटग्रस्ताकडे विमान गेले तर ते वरून पाहून निघून जाईल, हेलिकॉप्टर मात्र थांबून त्याला हात देईल, अशा आशयाचे विचार ते वारंवार मांडीत.

१९५७ साली ते कामातून निवृत्त झाले, पण सल्लागार म्हणून कारखान्यात येणे सुरूच राहिले. सौम्य बोलणे आणि कामगारालाही लवून अभिवादन करण्याची जुन्या वळणाची अदब यांविषयी सहकारी आदराने सांगत. २६ ऑक्टोबर १९७२ रोजी कनेक्टिकटमधील ईस्टन येथे राहत्या घरी त्यांचा अंत झाला.

ज्या शहरातून ते निघाले होते, त्याने त्यांना फार उशिरा जवळ केले. कीव्हच्या तंत्रशिक्षण संस्थेला २०१६ साली इगॉर सिकॉर्स्कींचे नाव देण्यात आले, आणि २०१८ साली शहराच्या एका विमानतळालाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू होताच त्या विमानतळावरची नागरी उड्डाणे थांबली आणि कीव्हची लक्षावधी माणसे बायकामुलांसह सीमेपलीकडे निघाली. कोणत्या तरी परक्या शहरात त्यांचीही नावे वहीत लिहिली गेली असतील : वय, धंदा, सोबतची माणसे, जवळची रक्कम. त्यांतल्या एखाद्या मुलाच्या आईने त्याला काय सांगून ठेवले आहे, हे कळण्यास तीस वर्षे लागतील. तोवर त्याला एक खोली, एक शाळा आणि हाताला काम मिळावे, एवढे करणे ज्या समाजात तो उतरला त्याच्या हाती आहे.